चारशे अकरा दिवस आणि एक लपवलेलं कर्ज

पानगळ (धागाकर्ता)

आज ४११ वा दिवस. बरेच महिने नुसता वाचनमात्र होतो, आज लिहायला बसलोय. जुगारावर लिहिणारे बहुतेक जण 'किती गेले' इथून सुरू करतात. मीही आकडा सांगणार आहे, पण जरा थांबून. माझी गोष्टच त्या आकड्याची आहे. म्हणजे, तो मी किती वेळा खोटा सांगितला त्याची.

सुरुवात खेळांवरच्या पैजांनी झाली. ऑफिसातले आम्ही चौघं, गंमत म्हणून. पहिल्याच महिन्यात एका रात्रीत तीन पगारांइतके पैसे आले. त्या रात्री हरलो असतो तर आज हा धागा निघाला नसता, असं मला अजूनही वाटतं. पुढे मोबाइलवर आलो, आणि मग सामन्याची वाट बघायचीही गरज उरली नाही. फिरणारी चाकं, पत्ते, काही सेकंदांत एक डाव. बाथरूममध्ये नळ सोडून बसायचो, बाहेर पाण्याचा आवाज जावा म्हणून. स्क्रीनचा उजेड अगदी मंद, आवाज बंद, पायाला मुंग्या येऊन पाय बधिर होईपर्यंत. बायकोला वाटायचं पोटाचं काहीतरी दुखणं आहे. तिने डॉक्टरांची वेळ घेतली. मी गेलो. पोट तपासून घेतलं. गोळ्या आणल्या आणि आठवडाभर घेतल्यासुद्धा! खोटं किती मन लावून बोलता येतं बघा.

पहिल्यांदा सापडलो तेव्हा दादाने सगळं कर्ज एकरकमी फेडलं. म्हणजे मी जेवढं सांगितलं तेवढं. मी रडलो, शपथा घेतल्या, आणि त्या क्षणी त्या खऱ्याच होत्या. एकोणिसाव्या दिवशी पुन्हा खेळलो. डोक्यावरचं ओझं उतरलं होतं ना, पुन्हा उधारी करायला जागा झाली होती.

थेरपिस्टकडे गेलो तो बायकोने अट घातली म्हणून. वाटलं होतं, आता बालपण उकरून काढतील. त्यांनी मला एक नाणं दिलं. शंभर वेळा उडवा आणि प्रत्येक वेळी काय पडलं ते वहीत लिहा म्हणाल्या. पुढच्या भेटीला वही घेऊन गेलो. त्रेचाळिसाव्यापासून एकोणपन्नासाव्यापर्यंत सलग सात वेळा छापा.

"पन्नासाव्याला काय येईल वाटलं होतं?"
"काटा."
"किती खात्री होती?"
"घर लावलं असतं."

दोघंही हसलो. मग मी हसायचा थांबलो, कारण घर जवळजवळ लावलंच होतं. आणि गंमत म्हणजे पन्नासावा काटाच पडला होता. डोकं लगेच म्हणालं, बघ, कळतं तुला! तेव्हा त्यांनी मोंटे कार्लोची गोष्ट सांगितली. १८ ऑगस्ट १९१३ ची रात्र, तिथल्या कॅसिनोत रुलेटच्या चाकावर, म्हणजे फिरत्या चाकात गोळी लाल घरात पडते की काळ्या त्यावर पैसे लावायच्या खेळात, सलग २६ वेळा काळा रंग आला. पंधराएक वेळा काळा आल्यावर लोकांनी लालवर पैसे ओतायला सुरुवात केली, आता तरी लाल यायलाच हवा म्हणून. 'आता तरी' हे दोन शब्द डोक्यात आले की वहीत लिहायचे, हा माझा पहिला गृहपाठ. पहिल्या आठवड्यात एकसष्ट वेळा लिहिले.

थेरपीसोबत गटात जायला लागलो. दर गुरुवारी संध्याकाळी, गोल मांडलेल्या खुर्च्या. तिसऱ्या गुरुवारी माझी पाळी आली. आकडा सांगितला: चौदा महिन्यांचा पगार. समोरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी शांतपणे विचारलं, "पूर्ण आहे?" मी म्हटलं, हो.

पूर्ण नव्हता. सतरा होता. एका सहकाऱ्याकडून घेतलेले तीन पगारांइतके पैसे मी दादाला सांगितले नव्हते, बायकोला नाही, थेरपिस्टना नाही आणि आता गटालाही नाही. तेव्हा स्वतःला कारण दिलं लाजेचं. आज तसं वाटत नाही. लाज तर मोठा आकडा सांगतानाच संपली होती. ते कर्ज मी राखून ठेवलं होतं. जोवर एक गुपचूप फेडायचं देणं शिल्लक आहे, तोवर एकदा शेवटचं खेळायला कारण शिल्लक आहे. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी भांडलो असतो.

९६ व्या दिवशी सहकाऱ्याचा मेसेज आला, 'जमेल का या महिन्यात?' त्याच रात्री खेळलो. पहाटेपर्यंत तीनाचे चार झाले होते, कर्जाचे. सकाळी नळ न सोडता बाथरूममध्ये बसून राहिलो. बाहेर आल्यावर बायकोला पूर्ण आकडा सांगितला: अठरा. ती पहिल्यांदा रडली नाही. तिने कॅल्क्युलेटर घेतला. त्या दिवसापासूनचे हे ४११.

इथे कुणी या वाटेवर असेल, किंवा घरात कुणी असेल, तर लिहा. सल्ला नकोय असं नाही, पण अनुभव जास्त हवेत.

रातवा

वाचतेय. 'तीनाचे चार' वर थांबले होते बराच वेळ.

सरळसोट

प्रामाणिक लिहिलंय, त्याबद्दल अभिनंदन. पण थोडं रोखठोक बोलतो. मी शाळेत गणित शिकवतो. रुलेटच्या चाकावर ३७ घरं असतात, १ ते ३६ आणि एक शून्य. एका आकड्यावर लावून जिंकलात तर लावलेले परत आणि वर त्याच्या ३५ पट मिळतात, ३६ पट नाही. म्हणजे दर शंभरामागे सरासरी २ रुपये ७० पैसे चालवणाऱ्याचे, कायमचे. दोन शून्यं असलेल्या ३८ घरांच्या अमेरिकन चाकावर तेच ५.२६ होतात. हे एवढं ज्याला कळलं तो खेळणारच नाही. थेरपी, गट, दिवस मोजणं, हे सगळं मला जरा लाड वाटतात. मीही कॉलेजात पत्त्यांवर पैसे लावायचो. एक दिवस सोडलं.

जुना_खिलाडी

सरळसोट, तुम्ही एक दिवस सोडलंत कारण तुम्हाला ते लागलेलं नव्हतं. आनंद आहे. मी हिशेबनीस होतो हो. तुमचे २.७ टक्के मला झोपेतून उठवून विचारले असते तरी सांगितले असते. त्याच आकडेमोडीच्या जोरावर मालकाच्या वह्यांत तीन वर्षं फेरफार केले.

पानगळ, तुमच्या गटातले ते म्हातारे गृहस्थ मी नव्हे, पण 'पूर्ण आहे?' हा प्रश्न आमच्याकडेही विचारतात. आमचं गॅम्बलर्स ॲनॉनिमस, म्हणजे जुगार सोडू पाहणाऱ्यांचे गट, सप्टेंबर १९५७ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालं. जुगाराने पिचलेले दोन जण एकमेकांना भेटत राहिले, एवढीच त्याची मुळातली गोष्ट. व्यसनातून बाहेर यायच्या बारा पायऱ्या दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसवरून घेतलेल्या. नवीन माणसाला वीस प्रश्न देतात. सात किंवा जास्त 'हो' आले तर समजायचं ते समजा. मला अठरा आले होते आणि उरलेल्या दोन प्रश्नांवर मी वाद घातला होता.

पण ज्याने मला वाचवलं ते वेगळंच. आमच्यात आर्थिक ताण हलका करायची एक खास बैठक असते. काही काळ न खेळता काढला की दोन-तीन जुने सदस्य तुमच्यासोबत बसतात, बायको किंवा नवरा शेजारी. एका कागदावर प्रत्येक देणं लिहायचं. बँक, सावकार, मेव्हणा, शेजारी, ऑफिसातला शिपाई. मग महिन्याचं घरखर्चाचं अंदाजपत्रक, आणि उरेल त्यातून प्रत्येकाला थोडं थोडं. मला पूर्ण फेडायला नऊ वर्षं लागली. शिपायाचे सगळ्यात आधी दिले.

त्या बैठकीत माझी बायको माझ्याकडे नाही, कागदाकडे बघत होती. यादी संपली तेव्हा म्हणाली, "एवढंच? मला वाटलं होतं याहून जास्त असेल." लपवलेला आकडा घरच्यांच्या मनात खऱ्यापेक्षा मोठा होऊन बसलेला असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

शब्दखूण

अवांतर आहे, पण राहवत नाही. दारू आपण 'पितो', तंबाखू 'खातो' आणि जुगार मात्र 'खेळतो'. खेळणाऱ्याला आजारी कोण म्हणणार? आणि आकडा लागतो, चटक लागते, मग आपण देणं लागतो. एकाच क्रियापदात सगळा प्रवास.

खिडकी

मी समुपदेशक आहे, या प्रकारच्या केसेस बरीच वर्षं बघतेय. सरळसोट यांचा मुद्दा मी रागाने खोडणार नाही, कारण घरोघरी हेच बोललं जातं. अक्कल नाही का? इच्छाशक्ती नाही का?

अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत हा आजार १९८० मध्ये पहिल्यांदा आला. तेव्हा त्याला चोरी करण्याच्या आणि आगी लावण्याच्या अनावर ऊर्मींशेजारी बसवलं होतं. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत तिथून उचलून दारू आणि अमली पदार्थांच्या शेजारी आणलं. पदार्थ पोटात न जाता जडणाऱ्या व्यसनांपैकी त्या प्रकरणात तेव्हा या एकालाच जागा मिळाली. नऊ लक्षणं दिली आहेत, बारा महिन्यांत चार किंवा जास्त दिसली तर निदान होतं. गेलेले पैसे परत मिळवायला दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणं हे एक. किती खेळतो ते लपवायला खोटं बोलणं हे एक. आणि कर्जातून बाहेर काढायला दुसऱ्यावर विसंबणं हेही एक. पानगळ, म्हणजे दादाने प्रेमाने जे केलं तेही त्या यादीत बसतं. दादांना हे ऐकवू नका मात्र, किंवा जपून ऐकवा.

आता गणित कळूनही माणूस का खेळतो? बक्षीस दर वेळी मिळालं तर सवय लवकर सुटते. कधी मिळेल याचा नेम नसला की सुटता सुटत नाही. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर आणि उंदरांवर हे कधीच दाखवून दिलं होतं. मोबाइलवरचं चाक नेमकं तेच करतं. वर थोडक्यात हुकण्याची भर. दोन चित्रं जुळली, तिसरं एका घराने चुकलं. हिशेबाने ती सरळ सरळ हार आहे. पण केंब्रिजच्या संशोधकांनी २००९ मध्ये मेंदूची छायाचित्रं घेऊन दाखवलं की असं हुकल्यावर मेंदूतले तेच भाग जागे होतात जे जिंकल्यावर होतात, आणि पुन्हा खेळावंसं वाटणं वाढतं. आपण हरलो हे डोक्याला कळतच नाही, जवळ आलो असं कळतं.

थेरपीत आम्ही काय करतो ते लोकांना गूढ वाटतं, खरं तर कंटाळवाणं काम आहे. एका ऊर्मीचा एक तास घ्यायचा आणि कागदावर पसरायचा. कुठे होता, कोण होतं, खिशात किती होते, मनात कोणतं वाक्य आलं, फोन कोणत्या हातात होता. माझ्याकडे आलेल्या एकांचा तास नेहमी एका वाक्यापासून सुरू व्हायचा: 'आज मला कुणी काही विचारलं नाही.' ते वाक्य सापडायला आम्हाला पाच भेटी लागल्या. एकदा सापडल्यावर काम सोपं झालं असं नाही, पण कुठे करायचं ते कळलं. ऊर्मी आली की तिच्याशी भांडायचं नाही, घड्याळ लावून तिच्याकडे बघत बसायचं, हे मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांचं. लाट चढते तशी उतरतेही, काही न करता. बहुतेकांनी ती उतरताना कधी पाहिलेलीच नसते, कारण त्याआधीच डाव लावलेला असतो.

गट की थेरपी, असं नेहमी विचारतात. नॅन्सी पेट्री आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये २३१ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. काहींना फक्त गटाकडे पाठवलं, काहींना त्यासोबत स्वतः भरायची कार्यपुस्तिका दिली, काहींना त्यासोबत थेरपिस्टबरोबर आठ सत्रं. सत्रं घेणाऱ्यांचं खेळणं नुसत्या गटवाल्यांपेक्षा जास्त कमी झालं. मी दोन्ही करायला सांगते. आठवड्यातला एक तास माझा, पण रात्री अकराचा फोन गटातलाच कुणीतरी उचलतो.

औषधांबद्दल कुणी विचारायच्या आत: दारूच्या व्यसनात वापरतात ते नालट्रेक्सोन काही डॉक्टर यातही देतात, ऊर्मीची धार कमी व्हायला. पण खास जुगारासाठी म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिलेली एकही गोळी नाही. सोबत नैराश्य असेल तर त्याचे उपचार वेगळे करावे लागतात, आणि ते पुष्कळदा असतंच.

अबोली

औषधाचा विषय निघालाच आहे तर आमच्या घरचं सांगते. बाबांनी आयुष्यात कधी लॉटरीचं तिकीट घेतलं नव्हतं. ६८ व्या वर्षी, कंपवाताची नवी गोळी सुरू झाल्यावर काही महिन्यांनी, रात्ररात्र मोबाइलवर पत्ते खेळायला लागले. पैसे लावून. आईला वाटलं, म्हातारपणी बुद्धी फिरली. भावाने अबोला धरला. मी ओरडले, फार वाईट ओरडले, ते शब्द इथे लिहीत नाही.

गोळी प्रॅमिपेक्सोल होती. मेंदूतल्या डोपामाइन या रसायनासारखं काम करणाऱ्या या गटातल्या औषधांनी काही रुग्णांत जुगार, बेसुमार खरेदी अशा अनावर ऊर्मी जाग्या होतात, हे डॉक्टरांना ठाऊक असतं. आम्ही सांगितलंच नव्हतं, कारण न्यूरॉलॉजिस्टना पत्त्यांचं कशाला सांगायचं? सांगितल्यावर त्यांनी डोस हळूहळू उतरवला. आपल्या मनाने एकदम बंद करायची नाहीत ही औषधं, ते वेगळं दुखणं होतं. तीन महिन्यांत बाबांनी स्वतःहून फोन माझ्या हातात दिला. म्हणाले, "हे काढून टाक, कशाला ठेवलंय कोण जाणे."

भाऊ आता बोलतो. बाबा मात्र त्याच्यासमोर अजून खाली बघतात.

सरळसोट

अबोली यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. 'लाड' हा शब्द मागे घेतो. गणिताबद्दल मत कायम आहे, पण ते कुठे लागू पडतं याबद्दल जरा कमी खात्री आहे.

वाळवण

मी कुठल्या जुगाऱ्याची बायको आहे ते सांगत नाही, या धाग्यावरच्या कुणाची नक्कीच नाही. पण कॅल्क्युलेटरवाल्या बाईंना नमस्कार.

आमच्याकडे पगार माझ्या खात्यात येतो. तो रोजचे मोजके पैसे मागून घेतो, रात्री पावत्या टेबलावर ठेवतो. हे सगळं त्यानेच सुचवलं, मान्य आहे. पण चाळिशीच्या नवऱ्याने पैसे मागताना बघणं काय असतं ते कुणी विचारत नाही. मी जेलर झाले. मला जेलर व्हायचं नव्हतं. त्याच्या गटात दिवस पूर्ण झाले की टाळ्या वाजतात. हप्ते आम्ही दोघं भरतो. तो दिवस मोजतो, मी मोजत नाही, कारण माझं मोजणं सुरू झालं की मला आधीचेही मोजावे लागतील.

घरच्यांसाठी गॅम-ॲनॉन म्हणून वेगळे गट असतात. मी वर्षभर टाळलं, खेळला तो आणि बैठकांना मी का जाऊ? शेवटी गेले. तिथे एका बाईंनी विचारलं, "तुम्ही त्याचा फोन दिवसातून किती वेळा बघता?" मी म्हटलं, कधीतरी. मग खरं सांगितलं. वीस-पंचवीस वेळा. नळाचा आवाज जास्त वेळ आला की माझ्या पोटात अजून गोळा येतो, आणि आमच्याकडे तर बाथरूमचं काही नव्हतं, पानगळ यांचं वाचल्यापासून येतो. हे जरा हसून घ्या.

पानगळ

वाळवण, हसलो, आणि मग बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "जेलर शब्द बरोबर आहे." मग बराच वेळ आम्ही काही बोललो नाही. तिच्यासाठी गट शोधतोय. म्हणजे ती शोधतेय. मी शोधून दिला की ती जाणार नाही, एवढं आता कळतं.

जुना_खिलाडी, शिपायाचे सगळ्यात आधी, हे लक्षात राहील.

चौकट

व्यवहाराचं थोडं. खेळ अडवणारी सॉफ्टवेअर मिळतात, फोनवर टाका आणि पासवर्ड दुसऱ्याला ठरवू द्या. पुष्कळ ठिकाणी स्वतःला खेळायला बंदी घालून घेण्याची सोय असते, अर्ज करून ठरावीक मुदतीसाठी आपलं नाव काढून घेता येतं. बँकेला कार्डावरचे असे व्यवहार रोखता येतात का ते विचारा. हे सगळं फोडता येतं, मीच फोडलंय. पण फोडायला वीस मिनिटं लागतात, आणि खिडकी म्हणतात तशी लाट तेवढ्या वेळात कधी कधी उतरते. झटपट कर्ज देणारी ॲप सगळ्यात आधी उडवा. खेळ नंतर.

निनावी_३

रात्रीचे पावणेतीन झालेत. सगळा धागा वाचला. आज पगार झाला आणि आजच संपला. पाच महिने स्वच्छ होतो. पाच महिन्यांचं सगळं वाया. घरी कुणाला माहीत नाही. सकाळ होऊच नये असं वाटतंय. इथे का लिहितोय माहीत नाही.

जुना_खिलाडी

जागा आहे मी. म्हाताऱ्यांना झोप नसते. लिहीत राहा.

खिडकी

निनावी, मी सरळ विचारते, कारण सरळ विचारलेलं बरं असतं. सकाळ होऊ नये म्हणजे जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार मनात आहे का? असेल तर आत्ता, वाचणं थांबवून, घरातल्या कुणाला तरी उठवा, किंवा तुमच्या भागातल्या मदतवाहिनीला वा तातडीच्या सेवेला फोन लावा. जुगाराच्या आजारात ही रात्र पुष्कळांना येते आणि ती एकट्याने काढायची नसते. पैशांचं आत्ता काहीही ठरवू नका.

निनावी_३

विचार आला होता. आत्ता एवढा नाही. बहीण आहे पलीकडच्या खोलीत.

पानगळ

मीही जागा आहे. तुमचे पाच महिने गेले नाहीत हो. माझ्या ९६ दिवसांत मी जे शिकलो त्याच्याच जोरावर ९७ व्या दिवशी सकाळी तोंड उघडता आलं. आत्ता मनात जे चाललंय ना, 'गेलंच आहे तर आता काय', ते 'आता तरी' चंच भावंड आहे. वहीत लिहा आणि बहिणीचं दार वाजवा. भाषण करू नका. एवढंच म्हणा की मला झोप येत नाही, जरा बस माझ्याजवळ.

रातवा

इथेच आहे. दार वाजवलं की एक टिंब टाका.

निनावी_३

.

जुना_खिलाडी

शाब्बास रे.

खिडकी

आता फोन ठेवा. तिच्याशी बोला. उद्या दुपारी इथे एक ओळ लिहा, आम्ही वाट बघतो.

निनावी_३

दुपार नाही, संध्याकाळ झाली लिहायला. ताई रात्रभर बसली होती. फार काही बोलली नाही, माझा फोन उशीखाली ठेवून दिला. सकाळी तिच्यासोबत डॉक्टरांकडे जाऊन आलो, गुरुवारपासून एका गटात जायचं ठरलंय. ती बाहेर थांबेन म्हणालीय.

तिने कागद-पेन दिलं आणि सगळं लिही म्हणाली. लिहिलं. सात देणी. तिने बेरीज केली, दोनदा तपासली, आणि मला पानगळ यांचा धागा माहीत आहे हे तिला माहीत नसताना विचारलं, "पूर्ण आहे?"

मी हो म्हटलं. ती कामाला गेली. अर्ध्या तासाने फोन केला आणि आठवं सांगितलं.